लकवा मारला तर आधी घड्याळ बघा

काकांना सकाळी सहाला चहा दिला तर तो ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर, आणि डावा हात कप धरेचना. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, 108 लावायचा. तेल चोळत बसू नका, पाणी पाजू नका (श्वासनलिकेत जातं), आणि अ‍ॅस्पिरिन तर नकोच, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅन काढल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळी पण नको.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, पेशंट शेवटचा नीट कधी होता? आम्ही म्हटलं सहाला. चूक! उठतानाच त्रास असेल तर वेळ रात्री झोपल्यापासून धरतात, म्हणजे आमचे साडेसात तास. तेवढ्यात काकूला आठवलं, अहो पाचला उठून त्यांनीच तर पाण्याची मोटर लावली, माझ्याशी धड बोलले. त्या मोटरनेच वाचवलं म्हणा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. वेळ सांगता येतच नसेल तर काही ठिकाणी एमआरआय बघून ठरवतात.

या इंजेक्शनचं औषध म्हणजे पूर्वी अल्टेप्लेज, थोडं आधी आणि बाकीचं तासभर सलाईनसारखं. आता टेनेक्टेप्लेज, वजनावर डोस, एकच इंजेक्शन, काही सेकंदांत देऊन होतं. अमेरिकेत त्याला स्ट्रोकसाठी (म्हणजे लकव्यासाठी) 2025 च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडे त्याआधीपासून वापरतात.

गुठळी मोठ्या नसेत असेल तर मांडीतून (कधी मनगटातून) बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढतात, थ्रॉम्बेक्टॉमी. 2015 च्या ट्रायल्सनंतर ही पक्की ट्रीटमेंट झाली आणि 2018 पासून निवडक पेशंटना 24 तासांपर्यंत, स्कॅनमध्ये वाचण्यासारखा मेंदू दिसला तर. पण 24 तास ऐकून निवांत होऊ नका हं, मोठ्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला अंदाजे 19 लाख पेशी जातात.

म्हणून जवळचं हॉस्पिटल म्हणजे बरोबर हॉस्पिटल असं नाही. आम्ही आधी जिथे गेलो तिथे सीटीवाला आठला येणार होता, चाळीस मिनिटं पाण्यात. आजच फोन करून विचारून ठेवा, सीटी रात्रंदिवस चालू असतो का, हे इंजेक्शन देतात का, थ्रॉम्बेक्टॉमी होते का. नंबर फ्रिजवर चिकटवा. सोबत औषधांची पिशवी न्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी तेच सांगा, आणि शुगर तपासायला लावा, शुगर उतरली तरी डिट्टो लकव्यासारखंच दिसतं.