अपडेटनंतर अँटिव्हायरसने ब्राउझर अडवला? या चुका टाळा

रात्री कॉम्प्युटर बंद करताना सगळं नीट असतं. सकाळी क्रोम उघडत नाही, किंवा उघडतो पण एकही साइट लोड होत नाही, किंवा प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा झळकतो. त्यातच महाडीबीटीच्या फॉर्मची मुदत त्या दिवशी संपणार असेल, तर माणूस घाईघाईत दिसेल ते बटण दाबत सुटतो आणि मूळ बिघाड राहतो बाजूला, नवेच उद्योग होऊन बसतात.

हे होतं कारण ब्राउझर आणि अँटिव्हायरस दोन्ही सतत बदलत असतात. क्रोम आणि फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. अँटिव्हायरसकडची धोकादायक फाइलींची यादी तर दिवसातून कितीतरी वेळा बदलते. एखाद्या दिवशी या दोघांचं जुळत नाही. बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये व्हायरस शिरलेला नसतो. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, म्हणून आधी तपासायचं आणि मगच हात लावायचा.

पहिली चूक: अँटिव्हायरसच बंद करून टाकणं

हा उपाय सगळ्यात आधी सुचतो, आणि ब्राउझर लगेच चालू होतो म्हणून पटतोही. मग अँटिव्हायरस बंदच राहतो, आठवडे, महिने. निदान करण्यासाठी पाच-दहा मिनिटं संरक्षण थांबवायला हरकत नाही. तेवढ्या वेळात एखादी ओळखीची साइट उघडून पाहा, दोष कुठे आहे ते कळेल, आणि लगेच पुन्हा चालू करा. बँकेची साइट त्या वेळेत उघडू नका.

दुसरी चूक: नेमकं काय अडलंय हे न बघणं

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. अँटिव्हायरस ब्राउझरला तीन वेगवेगळ्या जागी अडवतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ‘ब्राउझर चालत नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

पहिली जागा म्हणजे फाइल. क्रोमच्या आयकॉनवर क्लिक केलं तरी काहीच होत नाही, किंवा शॉर्टकट आहे पण मूळ फाइल सापडत नाही असा संदेश येतो. अशा वेळी अँटिव्हायरसने ती फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडलेल्या जागी, टाकलेली असू शकते. ३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्स या अँटिव्हायरसने चक्क क्रोमलाच झेडबॉट नावाचा पासवर्डचोर ट्रोजन (साळसूद वेशात शिरणारा घातक प्रोग्राम) समजून काही लोकांच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसनेही अशीच गफलत केली. क्रोम, एज, डिस्कॉर्ड यांपैकी काही उघडलं की ‘हाइव्ह डॉट झेडवाय’ नावाचा धोका सापडल्याची सूचना पुन्हा पुन्हा येत होती. दोन्ही वेळा कंपनीने यादी लवकरच दुरुस्त केली. म्हणून इथे पहिलं काम एकच: अँटिव्हायरसची यादी ताजी करून घ्या. डिफेंडरमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये अपडेट तपासण्याचा पर्याय आहे. त्यानंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त जाऊन अडवलेली फाइल परत आणता येते.

परत आणण्याआधी मात्र फाइल खरी आहे ना, हे बघाच. त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’, म्हणजे फाइल बनवणाऱ्या कंपनीची सही, पाहा. क्रोमच्या फाइलवर गुगल एलएलसी आणि फायरफॉक्सच्या फाइलवर मोझिला कॉर्पोरेशन हे नाव हवं. फाइलच जागेवर नसेल आणि सही पाहता येत नसेल, तर कंपनीच्या अधिकृत साइटवरून नवा इन्स्टॉलर घेणं जास्त बरं. आणि हे आठवून पाहा की अपडेट ब्राउझरने स्वतः केलं होतं, की एखाद्या साइटवर ‘तुमचा क्रोम जुना झाला आहे, इथे क्लिक करा’ असं पाहून तुम्ही काही डाउनलोड केलं होतं? दुसरं असेल तर अँटिव्हायरस बरोबर आहे. ती फाइल परत आणू नका. खरा क्रोम अशा पॉपअपमधून अपडेट होत नाही, त्याच्या स्वतःच्या मेन्यूत ‘अबाउट गुगल क्रोम’मध्ये होतो.

दुसरी जागा म्हणजे फायरवॉल, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला नेट वापरू द्यायचं हे ठरवणारा पहारेकरी. ब्राउझर उघडतो, बाकीच्या अॅपमध्ये नेट चालू असतं, पण ब्राउझरमध्ये एकही पान येत नाही. क्रोम अशा वेळी ‘ईआरआर नेटवर्क अॅक्सेस डिनाइड’ असा एरर दाखवू शकतो. बाहेरून घेतलेल्या काही अँटिव्हायरसची फायरवॉल प्रोग्रामला त्याच्या फाइलवरून ओळखते. अपडेटमध्ये फाइल बदलली की तिच्या लेखी हा नवा, अनोळखी प्रोग्राम ठरतो आणि ती परवानगी विचारते. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं, वर ‘हे लक्षात ठेव’वर टिक राहिली, की झालं. फायरवॉलच्या नियमांच्या यादीत ब्राउझरच्या नावाचे जुने नियम शोधून पुसून टाका, ब्राउझर पुन्हा उघडा आणि विचारल्यावर परवानगी द्या. इथे ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याची काही गरज नसते.

तिसरी जागा सगळ्यात फसवी, ती म्हणजे सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचं ब्राउझरला पटवणारं डिजिटल ओळखपत्र. अनेक अँटिव्हायरस एचटीटीपीएस (साइटशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण) स्कॅनिंग करतात. म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मधे बसून कुलूपबंद माहिती उघडतात, तपासतात आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने पुन्हा बंद करून ब्राउझरकडे देतात. त्यासाठी ते विंडोजच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत आपलं नाव घालून ठेवतात. क्रोम आणि एज विंडोजमध्ये असं घातलेलं नाव मानतात. फायरफॉक्स मात्र स्वतःची वेगळी यादी बाळगतो, म्हणून या भांडणात तोच जास्त वेळा सापडतो. जानेवारी २०१९ च्या शेवटी फायरफॉक्स ६५ आला, तेव्हा अवास्ट आणि एव्हीजी हे अँटिव्हायरस वापरणाऱ्यांना साइट असुरक्षित असल्याचे इशारे दिसू लागले. मोझिलाला विंडोजवरचं आपोआप होणारं अपडेट काही काळ थांबवावं लागलं, आणि अँटिव्हायरसच्या बाजूने फायरफॉक्ससाठी हे स्कॅनिंग बंद करण्यात आलं. त्याच वर्षी जुलैत आलेल्या फायरफॉक्स ६८ मध्ये असा गोंधळ ओळखून विंडोजच्या यादीतली सर्टिफिकेटं मानण्याची सोय आली.

तुमच्याकडे हेच झालंय का, हे कसं ओळखायचं? इशाऱ्याच्या पानावर सर्टिफिकेट पाहण्याची सोय असते. ते देणाऱ्याच्या जागी तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं, की उत्तर मिळालं. मग अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग एकदा बंद करून पुन्हा चालू करा. त्याने नवं सर्टिफिकेट बसतं आणि बरेचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच जमलं तर फक्त हे स्कॅनिंग बंद ठेवा, बाकी संरक्षण तसंच राहू द्या. फायरफॉक्सच्या सध्याच्या आवृत्त्यांत ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये बाहेरची रूट सर्टिफिकेटं मानायची की नाही याचा पर्यायही असतो, तो चालू आहे ना ते पाहा.

कॉम्प्युटरचं घड्याळही एकदा बघा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख अनेक वर्षं मागे जाते आणि असेच इशारे येतात. त्यात अँटिव्हायरसचा काही दोष नसतो.

इशारा आला की ‘धोका मान्य करून पुढे जा’ दाबण्याची सवय मात्र फार वाईट. मूळ दोष अँटिव्हायरसचा असला तरी खरोखर बनावट साइटवरही हाच इशारा येतो, आणि सवय लागलेल्या हाताला तो फरक कळत नाही.

तिसरी चूक: भलीमोठी सूट देणं

ब्राउझर सारखा अडतो म्हणून काही जण अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचा फोल्डर स्कॅनमधून वगळतात. ज्या दारातून चोर येतो तेच दार उघडं टाकण्यासारखं आहे हे. सूट द्यायचीच असेल तर ब्राउझरच्या नेमक्या एका फाइलला द्या आणि दुरुस्ती आल्यावर काढून टाका.

ब्राउझरचं स्वतःचं संरक्षण बंद करणं हीसुद्धा त्यातलीच चूक. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोम ७८ ने आपल्या आत बाहेरचा कोड शिरू न देणारी तपासणी सुरू केली, तेव्हा सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन या ऑफिसांसाठीच्या अँटिव्हायरसच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या ऑफिसांमध्ये क्रोमचा प्रत्येक टॅब कोसळू लागला. शॉर्टकटमध्ये एक ओळ जोडून ती तपासणी बंद करण्याचा तोडगा तेव्हा पसरला. ब्राउझर चालला, पण एक कडी निघाली. खरा उपाय सिमँटेक अपडेट करणं हा होता.

चौथी चूक: ब्राउझर पुसून टाकणं

क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ अशी टिक दिलेली असली, की सिंक न केलेले, म्हणजे ऑनलाइन खात्यात न साठवलेले, बुकमार्क आणि पासवर्ड गेले. आधी ते एक्स्पोर्ट करा, किंवा प्रोफाइलचा (तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग असलेला) फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. पासवर्डची एक्स्पोर्ट केलेली फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झाल्यावर ती काढून टाका. फायरफॉक्स वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला तर तो नवं प्रोफाइल बनवतो आणि सगळं गेल्यासारखं वाटतं. जुनं प्रोफाइल बहुधा तिथेच असतं. अॅड्रेस बारमध्ये अबाउट, मग कोलन आणि प्रोफाइल्स असं इंग्रजीत टाइप केलं की ते निवडता येतं.

जुना अँटिव्हायरस, जुनं विंडोज

परवाना संपलेला अँटिव्हायरस निरुपयोगी असला तरी गप्प बसलेला नसतो, त्याचा नेट गाळणारा भाग चालूच राहू शकतो. एक नवा घेताना दुसरा तसाच राहिला तर दोघांचं वाजतं. जुना साध्या पद्धतीने काढल्यावरही अवशेष उरतात, म्हणून त्या कंपनीचं खास रिमूव्हल टूल वापरा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती, त्यामुळे तिथे नवा क्रोम बसवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

मदत कुठे मागायची

अँटिव्हायरसचा ‘कस्टमर केअर नंबर’ सर्चमध्ये शोधून पहिला दिसेल तो फिरवू नका. तिथे फसवे नंबर असतात. पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. नंबर प्रोग्रामच्या आतल्या मदतीच्या पानावरून किंवा कंपनीच्या साइटवरूनच घ्या. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

खऱ्या ब्राउझरला चुकून धोका ठरवलं गेलंय याची खात्री झाली, तर कंपनीला तसं कळवता येतं. मायक्रोसॉफ्टसह बहुतेक कंपन्यांची त्यासाठी वेगळी पानं आहेत. कळवताना ब्राउझरची आवृत्ती, अँटिव्हायरसच्या यादीचा क्रमांक, धोक्याचं दाखवलेलं नाव आणि इशाऱ्याचा स्क्रीनशॉट एवढं द्या.