वर्कबेंचसाठी जुनं लाकूड घेताना

जुन्या नाशकात वाडा उतरवला की सागवानी तुळया, खांब, वासे विकायला निघतात, बेंच बनवायचा असेल तर त्यातलंच घ्या, नवीन सागाच्या भावात पडणार नाही आणि लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं त्यामुळे नंतर वाकायची भीती कमी. पण रंग आणि कोरीवकाम बघून भुलू नका. भिंतीत किंवा जमिनीत गाडलेलं टोक आधी बघा, वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. हातोडीने ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की आत पोकळ. पटाशीचं टोक सहज घुसलं तर सोडून द्या. बारीक भोकं दिसली तर एवढ्याने नको म्हणू नका, त्यातून ताजी पीठासारखी भुकटी पडतेय का ते बघा, पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे.

खिळे हा सगळ्यात मोठा त्रास! माझं रंध्याचं पातं एका तुटक्या खिळ्यावर गेलं तेव्हापासून स्पीकरचा जुना मॅग्नेट फिरवल्याशिवाय मी रंधा लावतच नाही. काळा डाग दिसला की तिथे लोखंड असणारच असं समजा.

वरच्या फळीला तासून झाल्यावर तीन इंच जाडी उरायला हवी, म्हणून साडेतीनच्या खाली घेऊ नका.

सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांतले पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा, एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, अजिबात घेऊ नका.