फायनलला किती पडले की सुटतो?

दर सेमिस्टरच्या शेवटी इकडे परदेशात शिकायला नवीन आलेल्यांपैकी कोणाचा तरी फोन येतोच, ताई फायनल परीक्षेला किती मार्क पडले की सुटेन? मी विचारते सिलॅबस वाचलास का, तर पलीकडे शांतता. इकडे सिलॅबस म्हणजे नुसती धड्यांची यादी नसते हो, कशाला किती टक्के वजन ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि एकदा लिहिलं की प्रोफेसर सहसा त्यावरून हलत नाहीत, रडून काही होत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा असाइनमेंट ३०, मिडटर्म २५, प्रोजेक्ट १५, फायनल ३०. असाइनमेंटमध्ये ८० टक्के मिळाले तर खात्यात २४, मिडटर्मला ५२ टक्के म्हणजे १३, प्रोजेक्टला ७० टक्के म्हणजे साडेदहा. झाले साडेसत्तेचाळीस. पासिंग ६० ला असेल तर हवेत अजून साडेबारा, ते फायनलच्या ३० मधून काढायचे, म्हणजे साडेबारा भागिले ३०, साधारण ४२ टक्के. ७० हवे असतील तर ७५ टक्के पाडावे लागतील. आणि ८० चं स्वप्न असेल तर उत्तर १०८ येतं, म्हणजे ते विसरा आणि तो वेळ दुसऱ्या विषयाला द्या.

पोर्टलवर, म्हणजे कॉलेजच्या मार्क दाखवणाऱ्या साइटवर, दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी तो फक्त तपासून झालेल्या कामाचाच असतो, म्हणजे वरच्या हिशोबात तिथे ६८ टक्के दिसेल आणि पोरं म्हणतात मी तर पास आहे! अरे, फायनल अजून व्हायचीय.

आता माझी चूक, जी मी भेटेल त्याला सांगते. पहिल्याच वर्षी मी अगदी हाच हिशोब केला, ४२ लागतात म्हटल्यावर जेमतेम तेवढाच अभ्यास केला, ४४ पडले, बेरीज साठाच्या वर गेली आणि तरी नापास!! सिलॅबसच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती, फायनलमध्ये स्वतंत्रपणे ५० टक्के हवेतच, नाहीतर एकूण कितीही असले तरी कोर्स फेल. ती ओळ मी वाचलीच नव्हती. अख्खा कोर्स पुन्हा करा, फी पुन्हा भरा, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. म्हणून आधी किमान गुणांची अट शोधा, मगच भागाकार करा. सापडली नाही तर प्रोफेसरना दोन ओळींचा ईमेल टाका, इकडे विचारलेलं कोणाला खटकत नाही, आपल्यालाच उगाच लाज वाटते.

उशिरा दिलेल्या कामाचे मार्क कापतात, तेही धरा.

मास्टर्सवाल्यांनो, कोर्स पास होणं आणि तो डिग्रीत धरला जाणं एकच असेल असं नाही, विभागाची किमान ग्रेड किंवा सरासरीची अट वेगळी असू शकते. आणि आपलेच सिनिअर छातीठोक सांगतात, काळजी नको, कर्व्ह मिळतो, म्हणजे पेपर अवघड गेला तर सगळ्यांचेच मार्क वर ओढतात. त्यांना मिळाला असेल, त्या वर्षी, त्या प्रोफेसरकडून. सिलॅबसमध्ये नसेल तर तो शून्य धरा.

हिशोब हाताबाहेर गेलेला दिसला तर कोर्स सोडण्याची शेवटची तारीख बघा, पण सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन या, क्रेडिट कमी झाले तर व्हिसाला धक्का लागू शकतो, आणि तिथे रूममेटचं मत चालत नाही.