जुन्या पिकअपचा कार्बोरेटर : निदान आणि दुरुस्ती

माझ्या जुन्या पिकअपचे इंजिन गरम झाल्यावरही चोक (आत जाणारी हवा कमी करणारी झडप) थोडा ओढून ठेवल्याशिवाय आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता संथ चालताना, टिकत नसे. चोक ओढल्याने पेट्रोल-हवेचे मिश्रण दाट होते आणि इंजिन सावरते, याचा अर्थ कुठेतरी पेट्रोल कमी पडते आहे किंवा जास्तीची हवा आत शिरते आहे, असा तर्क मी केला. थेट कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाला, दोष देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून आधी व्हॅक्यूमचे सर्व होज (इंजिनाच्या शोषणाला जोडलेल्या नळ्या) आणि मॅनिफोल्डचे (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मार्गाचे) गॅस्केट, म्हणजे सांध्यातील सील, तपासले. तेथे गळती नव्हती.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची वायर काढून कार्बोरेटर उतरवला. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे फिरतो, हे मोजून लिहून ठेवले. आयडल जेट (आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने जवळजवळ बुजला होता. जेट पितळेचा असतो आणि तारेने कोरल्यास त्याचे छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते, त्यामुळे क्लीनर व दाबाची हवा एवढ्यावरच भागवले. हे करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. नीडल व्हॉल्व्हच्या (आत येणारे पेट्रोल रोखणाऱ्या सुईसारख्या झडपेच्या) टोकावर झिजेची गोल खाच उमटली होती, म्हणून तो सीटसह, म्हणजे तो जिथे टेकतो त्या भागासह, बदलला, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची पुस्तिकेतील मापानुसार लावली आणि सर्व गॅस्केट नवी घातली.

स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवरच ठेवून इंजिन सुरू केले आणि ते गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेजचा (इंजिनाचे शोषण मोजणाऱ्या मापकाचा) काटा सर्वांत वर व स्थिर राहीपर्यंत स्क्रू थोडाथोडा फिरवला. आता चोक पूर्ण आत असतानाही इंजिन बंद पडत नाही.