अ‍ॅनॅटॉमी आणि इमेजिंगचा अ‍ॅटलास घ्यायला जायच्या आधी

अ‍ॅडमिशनची धावपळ संपली रे संपली की वर्गाच्या ग्रुपवर सुरू होतं, अ‍ॅटलास (शरीराच्या आतल्या रचनेचं चित्रांचं पुस्तक) कुठला घ्यायचा, सीनियर हा म्हणतात, दुकानदार तो म्हणतो, आणि मग अर्धा वर्ग एकदम जाऊन एकच जाडजूड पुस्तक घेऊन येतो. जरा थांबा. ही पुस्तकं हजारांत जातात, आणि चित्रं सुंदर आहेत म्हणून घेतलेला अ‍ॅटलास वर्षभर कपाटात पडून राहिलेला मी कितीतरी मुलामुलींकडे बघितलाय. अ‍ॅटलास वाचायला घेत नाहीत, तो कशाच्या तरी शेजारी उघडायचा असतो, हातातल्या हाडाच्या शेजारी, डिसेक्शनला, म्हणजे मृतदेह उघडून शिकताना, आज जे बघितलं त्याच्या शेजारी, नाहीतर एक्सरेच्या फिल्मशेजारी. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की वर्षभर तुमच्यासमोर काय असणार आहे.

एमबीबीएस किंवा बीडीएसला असाल तर डिसेक्शन हॉल आहे, बोन सेट आहे, स्पॉटर्स आहेत (टेबलावर ठेवलेला अवयव बघून ओळखायची परीक्षा), म्हणजे चित्र आणि फोटो दोन्ही लागणार. त्यात एमबीबीएसला २०१९ पासून जो कॉम्पिटन्सीवाला अभ्यासक्रम आला त्यात अ‍ॅनॅटॉमीच्या पेपरातच छातीचा, पोटाचा, हातापायांचा एक्सरे ओळखायचा असतो, बेरियमच्या (अन्ननलिका-आतडी उठून दिसावीत म्हणून बेरियम देऊन काढलेल्या) फिल्म्स असतात, सीटी-एमआरआयची तोंडओळख असते, तेव्हा रेडिओलॉजी नंतर बघू हे आता चालत नाही. फिजिओवाल्यांनी स्नायू कुठून निघतो, कुठे लागतो, नर्व्ह (मज्जातंतू) कुठली, आणि जिवंत माणसाच्या त्वचेवरून बोटांना तो कसा सापडतो ही पानं आधी बघायची, पोटातल्या अवयवांची पानं कितीही देखणी असली तरी त्यावर पैसे घालवायचे नाहीत. नर्सिंगला, खरं सांगते, वेगळा मोठा अ‍ॅटलास बहुतेकदा लागतच नाही, चांगल्या चित्रांचं एकच अ‍ॅनॅटॉमी-फिजिओलॉजीचं पुस्तक घ्या, इंजेक्शनच्या जागा, हाताच्या शिरा, कॅथेटर (लघवीची नळी) आणि राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) जाते तो मार्ग एवढी पानं नीट आहेत का बघा, झालं. इमेजिंग टेक्नॉलॉजीवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय. आणि कोणी म्हणेल बीडीसी (बी. डी. चौरसियांचं नेहमीचं पाठ्यपुस्तक) आहे की, त्यात चित्रं आहेतच, तर ती आकृत्या म्हणून उत्तम आहेत, परीक्षेत पाच मिनिटांत काढता येतील अशाच काढलेल्या आहेत, पण त्या आकृतीवरून टेबलावरची आर्टरी (धमनी) शोधायला गेलात तर फार वेळ जाईल.

आता दुसरी गोष्ट, अ‍ॅटलासमध्ये तीन तऱ्हेची चित्रं असतात आणि तिन्हींचं काम वेगळं. एक म्हणजे हाताने काढलेली. नेटरचा अ‍ॅटलास याच जातीचा, फ्रँक नेटर स्वतः सर्जन म्हणून शिकलेला माणूस, नंतर प्रॅक्टिस सोडून चित्रंच काढत राहिला आणि १९८९ मध्ये तो अ‍ॅटलास पहिल्यांदा आला. सोबोट्टा त्याच्याही कितीतरी आधीचा, १९०४ चा, जर्मन. ग्रँट्स १९४३ चा, टोरंटोचा, आणि त्याची खासियत अशी की त्यातली चित्रं प्रत्यक्ष केलेल्या डिसेक्शनवरून उतरवलेली आहेत, त्यामुळे टेबलापाशी उभं राहिल्यावर ती जास्त जवळची वाटतात. अशा चित्रात आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी, सगळी फॅट काढून स्वच्छ केलेलं, म्हणजे कशाच्या बाजूला काय हे डोक्यात बसायला याच्याइतकं चांगलं काही नाही. पण हॉलमध्ये फॉर्मलिनमधला मृतदेह तसा नसतो, सगळं तपकिरी-करडं, नर्व्ह आणि बारीक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) सारखेच पांढरट दिसतात, म्हणून दुसरी जात लागते, फोटोंची. रोहेन-योकोची किंवा मॅकमिन-अब्राहम्स ही त्यातली नावं. स्पॉटर्सच्या आधी नुसतं चित्रांवर विसंबलेली मुलं टेबलापाशी गोंधळतात, हे दरवर्षी होतं. तिसरी जात म्हणजे स्कॅन आणि फिल्म्स, तिच्याबद्दल बरंच बोलायचंय.

दुकानात किंवा लायब्ररीत गेलात की पुस्तक मधेच कुठेतरी उघडून चाळू नका. घरून एकच भाग ठरवून न्या आणि प्रत्येक अ‍ॅटलासमध्ये तोच उघडा. मी मनगट सांगते, कारण छोटं आहे आणि सगळं उघडं पाडतं. मनगटातला कार्पल टनेल, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या टेंडन आणि नर्व्हचा बोगदा, शोधा. चित्रात फ्लेक्सर रेटिनॅक्युलमच्या (बोगद्यावरच्या जाड पट्ट्याच्या) खाली नऊ टेंडन मोजता आले पाहिजेत, चार वरचे, चार खालचे, एक अंगठ्याचा, आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह, अल्नर नर्व्ह मात्र टनेलच्या बाहेर. हे मोजता येत नसेल, लेबलांच्या गर्दीत हरवत असेल, तर ते पुस्तक पहिल्या वर्षासाठी नाही, मग कितीही मोठं नाव असो. मग फोटोच्या अ‍ॅटलासमध्ये तोच टनेल काढा आणि लेबलं हाताने झाकून नर्व्ह कुठली ते सांगून बघा. मग एक्सरे. आठ कार्पल (मनगटाची) हाडं असतात पण सरळ घेतलेल्या फिल्ममध्ये त्यातलं पिसिफॉर्म हे ट्रायक्वेट्रमवर चढलेलं दिसतं, पुस्तकाने त्याची कड वेगळी दाखवलीय का? स्कॅफॉइड या हाडासाठी वेगळ्या पोझिशनची फिल्म दिलीय का? आणि शेवटी त्याच मनगटाचा एमआरआयचा आडवा छेद, तिथे टेंडन म्हणजे काळे ठिपके आणि नर्व्ह त्यांच्यापेक्षा जरा उजळ, करडी. ज्या पुस्तकातून, किंवा ज्या दोन पुस्तकांच्या जोडीतून, तुम्ही चित्र ते फोटो ते फिल्म ते छेद असे न अडखळता गेलात ते तुमचं. फिजिओवाल्यांनी हेच गुडघ्यावर करावं, डेंटलवाल्यांनी जबड्याच्या सांध्यावर.

लेबलं हा प्रकार लोक हलक्यात घेतात. काही पुस्तकांत नाव तिथेच, अवयवाला चिकटून छापलेलं असतं, काहींत लांब रेघ ओढून पानाच्या कडेला, आणि काहींत नुसते आकडे, ज्यांची नावं खाली किंवा समोरच्या पानावर. आकडेवालं पुस्तक रिव्हिजनला छान, स्वतःची परीक्षा घेता येते, पण पहिल्यांदा शिकताना डोळे सारखे वरखाली करून वैताग येतो. १८५८ मध्ये हेन्री ग्रेचं पुस्तक आलं तेव्हा त्यातल्या चित्रांत नावं थेट रचनेवरच लिहिलेली होती आणि विद्यार्थ्यांना ते पुस्तक आवडण्यामागे या गोष्टीचा मोठा वाटा होता. ती चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टरची, आणि हा कार्टर त्याच वर्षी मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनॅटॉमी-फिजिओलॉजी शिकवायला लागला, पुढे तिथे प्रिन्सिपलही झाला, कुष्ठरोगावर आणि मदुरा फूट या पायाच्या रोगावर त्याचं मोलाचं काम आहे. जेजेच्या आवारात (ग्रँट मेडिकल कॉलेज तिथेच) शिकणाऱ्या मुलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता इमेजिंगचा अ‍ॅटलास. पहिली तपासणी उजव्या-डाव्याची. सीटी-एमआरआयचा आडवा छेद आपण झोपलेल्या पेशंटच्या पायाकडून बघतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे, लिव्हर आपल्या डाव्या हाताला. मृतदेहाचे छेद शेजारी दिलेले असतील तर तेही याच बाजूने बघितलेले हवेत, काही जुन्या पुस्तकांत छेद वरून बघितल्यासारखे असतात आणि मग सुरुवातीलाच उजवं-डावं उलटं बसतं, ते सुटायला फार त्रास होतो. दुसरं, प्रत्येक छेदासोबत तो शरीरात कुठल्या पातळीवर घेतलाय हे दाखवणारं छोटं चित्र आणि त्यावर रेघ आहे का बघा. तिसरं, स्कॅनच्या शेजारी त्याच स्कॅनची रंगीत रेखाकृती आहे का, मोलर आणि राइफच्या खिशात मावणाऱ्या अ‍ॅटलासमध्ये अशी जोडी पानोपानी आहे, एकीकडे छेद, समोर रंगवलेली आकृती, तीन भागांत, डोकं-मान वेगळं, छाती-पोट-ओटीपोट वेगळं, मणका-हातपाय-सांधे वेगळे, त्यामुळे लागेल तो एकच भाग घेता येतो. एक्सरे, अल्ट्रासाउंड, सीटी, एमआरआय सगळं एकत्र हवं असेल तर वेअर आणि अब्राहम्स बघा.

चौथी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कोणी करत नाही, फोटोखालची ओळ वाचा. सीटी असेल तर विंडो कुठली हे लिहिलंय का? सीटीच्या घनतेच्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार आणि हाड शेकड्यांत, एवढा मोठा पल्ला डोळ्यांना एकदम दिसू शकत नाही, म्हणून विंडो लावावी लागते, म्हणजे त्या पल्ल्याचा एक तुकडाच निवडून दाखवायचा, आणि लंग विंडोत बघितलं तर मधलं सगळं नुसतं पांढरं, मेडियास्टायनल (दोन फुप्फुसांमधल्या भागाच्या) विंडोत बघितलं तर फुप्फुसं नुसती काळी. एकाच छातीचे दोन्ही विंडोतले छेद शेजारी शेजारी देणारं पुस्तक मिळालं तर ते सोडू नका. एमआरआय असेल तर टी-वन की टी-टू (एमआरआय घ्यायच्या दोन पद्धती), कारण टी-वनमध्ये पाणी काळं आणि टी-टूमध्ये पांढरं, आणि हे लिहिलंच नसेल तर विद्यार्थी मेंदूतल्या व्हेंट्रिकल्सचा, म्हणजे पाण्याने भरलेल्या पोकळ्यांचा, रंगच पाठ करून बसतो. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) दिलाय का, कुठल्या फेजचा (औषध दिल्यावर किती वेळाने घेतलेला), हेही हवं, आर्टेरियल फेजमध्ये (औषध नुकतंच धमन्यांत पोचलेलं असताना) स्प्लीन (प्लीहा) पट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि ती अगदी नॉर्मल असते, फेज माहीत नसेल तर नवीन मूल घाबरून जाईल.

इमेजिंग टेक्नॉलॉजीच्या मुलांनो, तुमची यादी उलट्या क्रमाने लावा. आधी पोझिशनिंगचं पुस्तक, मग छेदांचा अ‍ॅटलास, मग जमलं तर चित्रांचा. पोझिशनिंगमध्ये क्लार्क्स हे १९३९ पासून चालत आलेलं नाव आहे, आणि कुठलंही घेतलं तरी एका पोझिशनला तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत, पेशंट कसा बसवलाय, किरण नेमका कुठे मारायचा, आणि फिल्म कशी आली. चौथी म्हणजे चुकलेली फिल्म आणि ती का चुकली, ती असेल तर सोन्याहून पिवळं. एक्सरे चांगला येतो की पुन्हा घ्यावा लागतो हे तुमच्या हातात आहे, आणि पुन्हा घ्यायचा म्हणजे पेशंटला रेडिएशनही पुन्हा, तेव्हा या पुस्तकात काटकसर करू नका.

अजून एक पान उघडून बघायचं, व्हेरिएशन्सचं. अ‍ॅटलासमधलं शरीर हे एक ठरवलेलं शरीर असतं, सगळ्यांचं तसं नसतं. पुन्हा मनगटच घ्या, कोणाची मीडियन नर्व्ह टनेलमध्ये दोन भागांत असते, कोणात तिच्याबरोबर गर्भात असतानाची मीडियन आर्टरी राहून गेलेली असते, पाल्मारिस लाँगस हा स्नायू तर कितीतरी जणांच्या हातात नसतोच. किडनीला एकाऐवजी दोन आर्टरी असणं तर अजिबात दुर्मिळ नाही. पुस्तकाने हे निदान छोट्या चौकटीत तरी दाखवावं. तसंच बाईचं शरीर फक्त पेल्व्हिस आणि स्तन या दोन प्रकरणांपुरतंच आहे का, लहान मुलांच्या हाडांच्या फिल्म्स आहेत का, कारण ग्रोथ प्लेटची (हाड जिथून वाढतं त्या कुर्च्याची) रेघ बघून फ्रॅक्चर समजणं ही नवीन माणसाची नेहमीची फसगत, आणि सर्फेस अ‍ॅनॅटॉमीच्या फोटोंत आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर शिरा आणि स्नायू कसे दिसतात हे कुठे दाखवलंय का, हेही बघा. हे शेवटचं फार कमी पुस्तकांत सापडतं, सापडलं तर त्या पुस्तकाला माझं एक मत जास्त.

जुन्या लायब्रऱ्यांत किंवा फिरत्या पीडीएफमध्ये पेर्नकॉफ नावाचा एक अ‍ॅटलास भेटेल, चित्रं अतिशय बारीक आणि अप्रतिम. पण एडुआर्ड पेर्नकॉफ हा नाझी पक्षाचा माणूस, १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या मेडिकल फॅकल्टीचा डीन झालेला, आणि विद्यापीठाने नंतर चौकशी केली त्याचा अहवाल १९९८ मध्ये आला, त्यात त्या काळात मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांचे मृतदेह तिथल्या अ‍ॅनॅटॉमी विभागाकडे आल्याचं निघालं. चित्रातला देह कोणाचा आहे हे माहीत नसताना त्यावरून अभ्यास करू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या हॉलमध्ये मृतदेह येतात ते बहुतेक कोणीतरी स्वतःहून, घरच्यांच्या संमतीने दिलेले असतात, किंवा १९४९ च्या अ‍ॅनॅटॉमी अ‍ॅक्टप्रमाणे बेवारस म्हणून आलेले, आणि फोटोंच्या अ‍ॅटलासमध्ये सुद्धा प्रस्तावनेत देहदानाचा उल्लेख आहे का हे मी पहिल्यांदा बघते, तुम्हीही बघा.

पैशांचं. अ‍ॅनॅटॉमीच्या चित्रांचा अ‍ॅटलास एकदोन आवृत्त्या जुना असेल तरी बिनधास्त घ्या, मनगटात दहावा टेंडन उगवत नाही, फक्त नावं बघा, १९९८ मध्ये जगभरासाठी नावांची यादी ठरली त्यानंतरची आवृत्ती असेल तर बरं, आणि इंडेक्समध्ये पेरोनियल आणि फिब्युलर (एकाच गोष्टीचं जुनं आणि नवं नाव) दोन्ही सापडायला हवं कारण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सर एक म्हणतील आणि पुस्तक दुसरं. इमेजिंगचा मात्र जुना घेऊ नका, जुन्या मशीनचे धूसर छेद बघून आजच्या स्क्रीनवरचं ओळखता येत नाही. साउथ एशिया आवृत्ती स्वस्त पडते, मजकुरात फार फरक नसतो, पण कागद आणि रंगाची छपाई दुकानातच उजेडात धरून बघा, मागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल तर स्कॅनची पानं वाया. झेरॉक्स काढलेला अ‍ॅटलास घेऊच नका, लाल-निळं गेलं की उरतं काय. सेकंडहँडला पुण्यात अप्पा बळवंत चौकात, किंवा परळला केईएमच्या आसपासच्या मेडिकल पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा, पण आतला ऑनलाइन कोड खरवडलेला असेल तर तो गेला असं समजूनच भाव करा. पुस्तक टेबलावर उघडं टाकल्यावर सपाट राहतं का बघा, हाताने धरून ठेवावं लागलं तर दुसऱ्या हातात हाड कसं धरणार. डिसेक्शन हॉलमध्ये नवा अ‍ॅटलास नेऊ नका, तिथे कॉलेजचा किंवा फाटका जुना वापरा, फॉर्मलिनचा आणि चरबीचा डाग जात नाही. आणि नवं घेतलं असेल तर त्याच दिवशी सगळी पानं एकेक करून चाळा, कधीकधी एखादा फॉर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा शिवलेला असतो किंवा गायबच असतो, बिल जपून ठेवा आणि नाव घालायच्या आधी बदलून आणा.