डांबरीकरणानंतर पावसाळी जाळी वर घेताना

रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, पावसाचं पाणी गटारात घेणाऱ्या कडेच्या जाळीपाशी गाडी आदळते. दोन, पाणी जाळीला वळसा घालून पुढे जातं आणि कोपऱ्यावर तळं साचतं. पहिली तक्रार जाळी वर घेतली नाही म्हणून येते, दुसरी ती गरजेपेक्षा जास्त वर घेतली म्हणून. बहुतेक वेळा ‘सगळे चेंबर समपातळीत आणा’ एवढीच सूचना दिली जाते आणि गवंडी मॅनहोलचं झाकण नि पावसाळी जाळी एकाच मापात बसवून मोकळा होतो. मॅनहोलचं झाकण रस्त्याच्या समपातळीतच हवं. जाळी मात्र भोवतालच्या डांबरापेक्षा १० ते १५ मिमी खाली हवी, आणि तिच्याकडे येणारा उतार हळूहळू उतरलेला हवा. पाणी आत जायला हा एक बोटभर फरक पुरतो, आणि उतार हळूहळू असेल तर दुचाकीच्या चाकाला तो जाणवतही नाही.

आधी मिलिंगचं विचारा

जाळी वर घेणं हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे जुना थर खरवडून काढणं, म्हणजेच मिलिंग. ४० मिमी खरवडून ४० मिमी टाकलं तर जाळी, कर्ब (फुटपाथची दगडी कड), सोसायट्यांची फाटकं सगळं होतं तिथेच राहतं. थरावर थर चढवत गेलं की १५० मिमी उंचीचा कर्ब तीन थरांनंतर ३० मिमी उरतो. मग पावसाचं पाणी फुटपाथवर आणि तळमजल्यांत शिरतं, जाळी कितीही नीट बसवली तरी. ज्या चेंबरला जाळीऐवजी कर्बमध्ये आडवी खिडकी असते, तिथे तर ती खिडकीच बुजत जाते. तिथे कर्बचे दगड काढून वर घ्यावे लागतात, नाहीतर मिलिंग करावं लागतं. तिसरा मार्ग नाही. त्यामुळे कामाच्या अंदाजपत्रकात मिलिंग आहे का, हे कंत्राट निघण्याआधीच पाहावं.

नोंद

डांबराखाली गाडले गेलेले चेंबर हा आपल्या शहरांतला जुना रोग. पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) येण्याआधी प्रत्येक जाळीचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजा: दिव्याचा खांब आणि फाटकाचा कोपरा, असं काहीतरी, जे पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल. झाड किंवा टपरी चालणार नाही. कर्बवर ऑइलपेंटने बाण काढा आणि बाणाशेजारी क्रमांक लिहा. फोटो काढताना टेप चौकटीत येऊ द्या. जुनं झाकण वा जाळी आणि तिची फ्रेम यांवरही एकच क्रमांक टाका. ही जोडी एकमेकांवर घासून बसलेली असते. अदलाबदल झाली तर जाळी डुगडुगते आणि रात्रभर खडखडते.

पेव्हरच्या आधी की नंतर?

नंतर. फ्रेम आधीच अंदाजाने वर घेऊन ठेवली तर पेव्हरचा स्क्रीड (डांबर सपाट करणारा मागचा भाग) तिच्यावर अडतो, भोवतालचं डांबर हाताने भरावं लागतं आणि रोलर कडेपर्यंत पोहोचत नाही. तिथेच पुढे खड्डा पडतो. शिवाय मधल्या दिवसांत सरी आल्या तर वर आलेली फ्रेम बेटासारखी उभी राहते आणि पाणी तिच्याभोवती तुंबतं.

त्याऐवजी फ्रेम काढून घ्या, चेंबरच्या तोंडावर पोलादी प्लेट टाका, त्यावरून सरळ डांबर टाकू द्या आणि एकदोन दिवसांत कापून फ्रेम नव्या पातळीवर बसवा. ५०० × ४०० मिमी तोंडासाठी ८०० × ७०० मिमीची, १६ मिमी जाडीची प्लेट घ्या. कर्बची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंना निदान १५० मिमी टेकू मिळाला पाहिजे. १० किंवा १२ मिमीची प्लेट भरलेल्या डंपरच्या चाकाखाली वाकते. १६ मिमीच्या प्लेटचं वजन ७० किलोच्या आसपास भरतं, म्हणून दोघांनी लोखंडी हुकाने उचलावी. प्लेटवरून जाताना रोलरचं कंपन बंद ठेवायला सांगा. डांबर चिकटू नये म्हणून प्लेटवर जाड कागद किंवा वाळूचा पातळ थर पुरतो.

एक सावधगिरी: प्लेट असेपर्यंत ती जाळी पाण्यासाठी बंद असते. सगळं काम जून उजाडायच्या आत उरकण्याच्या हिशेबाने आखा, आणि एका रस्त्यावरच्या सगळ्या जाळ्या एकाच वेळी बंद करू नका.

सामान

६०० × ५०० मिमी बाहेरच्या मापाची फ्रेम कर्बला लागून आहे, तिच्या तीन बाजूंना २०० मिमी रुंदीची काँक्रीटची पट्टी घ्यायची आणि काँक्रीट २०० मिमी खोल, असं धरू. म्हणजे खड्डा कर्बच्या लांबीला १००० मिमी, कर्बपासून रस्त्याच्या मध्याकडे ७०० मिमी. फ्रेमची जागा वजा जाता ०.४० चौरस मीटर उरतात, काँक्रीट ०.०८ घनमीटर, म्हणजे ८० लिटर. एम-४० (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) च्या आसपासच्या मिश्रणाला ३४ किलो सिमेंट, ५६ किलो क्रश सँड, ९२ किलो खडी (२० आणि १० मिमी मिळून) आणि साडेतेरा लिटर पाणी लागेल. ओल्या वाळूत मुळातच पाणी असतं, ते यातून वजा करा. फ्रेमखालच्या बैठकीला न आकुंचणारा ग्राउट (फटीत ओतायचं सिमेंटचं पातळ मिश्रण): १०० मिमी रुंद, ५० मिमी जाड बैठक धरली तर ९ लिटर. २५ किलोच्या एका पोत्यातून साधारण १२ ते १३ लिटर ग्राउट निघतो, म्हणून एका जाळीला एक पोतं, पण गाडीत दुसरं असू द्या.

जाळी नवी घ्यायची असेल तर तिच्यावरची श्रेणी वाचा. बिडाच्या झाकणांसाठी आयएस १७२६ आणि सिमेंट काँक्रीटच्या झाकणांसाठी आयएस १२५९२ ही मानकं आहेत. दोन्हींत एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५ अशा श्रेणी असून आकडा चाचणीच्या भाराचा, टनांत. बस आणि डंपर जातात त्या रस्त्यावर ईएचडी-३५ बसवा. एलडी ही पायवाटेची श्रेणी. भंगाराच्या मोहाने बिडाच्या जाळ्या चोरीला जातात, म्हणून बिजागरी किंवा कुलुपाची फ्रेम, नाहीतर पोलादी तंतूंच्या काँक्रीटची जाळी बरी. जाळीच्या फटी वाहतुकीच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या फटीत सायकलचं चाक अडकतं.

प्रत्यक्ष काम

पहिलं काम अडथळ्यांचं. शंकू, पट्टी, रात्री लाल दिवा. कामाच्या जागी वाहतूक कशी वळवायची यावर इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५५ ही मार्गदर्शिका आहे, पण गल्लीतल्या कामातही निदान येणाऱ्या वाहनाला २० ते ३० मीटर आधी दिसेल एवढं करा. उघडं तोंड पाच मिनिटंसुद्धा राखणदाराविना ठेवायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. तुंबलेल्या पाण्याखाली तोंड दिसत नाही.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. कागदावर ती पावसाळी वाहिनी असली तरी तिच्यात बऱ्याचदा सांडपाणी सोडलेलं असतं आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. त्याचा वास काही वेळाने नाकाला कळेनासा होतो, वायू मात्र तिथेच असतो. सुरक्षासाधनांविना गटारसफाईला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. फ्रेमचं सगळं काम वरून, गुडघ्यावर बसून होतं.

नोंदीवरून जागा शोधा, खडूने आयत आखा आणि डांबर कटरने ५० ते ७५ मिमी खोल कापा. नुसत्या ब्रेकरने फोडलं तर कडा दातेरी होतात, आणि तिथूनच डांबर निघायला लागतं. प्लेट काढण्याआधी गोणपाटाची झोळी तयार ठेवा. ती तोंडातून आत सोडून चारी कडांनी ताणून बांधा, किंवा आत प्लायचा तुकडा टेकवा. राडारोडा खाली पडला की तो पाइपच्या तोंडाशी बसतो, आणि पहिल्या पावसात ‘जाळी उचलल्यावरच पाणी तुंबायला लागलं’ अशी तक्रार येते. ती खरीही असते.

चेंबरच्या भिंतीची वरची बाजू छन्नीने तपासा. ठोकल्यावर पोकळ आवाज येणाऱ्या विटा काढून टाका. आता किती उंची वाढवायची त्यावर साहित्य ठरतं. ३० मिमीपर्यंत नुसता ग्राउट. ३० ते ७५ मिमीला ग्राउटमध्ये १० मिमीखालची खडी मिसळा (किती, ते पोत्यावर लिहिलेलं असतं), किंवा प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेली) काँक्रीटची रिंग वापरा. ७५ च्या वर ८ मिमीच्या सळ्या घालून काँक्रीटची चौकट ओता. विटांचे तुकडे, दगडाच्या कपच्या, लाकडी पाचरी यांवर फ्रेम टेकवणं हे या कामातलं सगळ्यांत मोठं पाप. भार दोनतीन ठिपक्यांवर येतो, चाक गेलं की फ्रेम हलते, हलली की ग्राउट फुटतो, आणि लाकूड तर दोन पावसाळ्यांत कुजतंच. चार कोपऱ्यांना पोलादी पट्ट्या ठेवा आणि त्यांवर फ्रेम जुळवा. ग्राउट मग फ्रेमच्या पूर्ण पायाखाली भरला गेला पाहिजे.

पातळी लावताना स्पिरिट लेव्हल बाजूला ठेवा. हे ऐकून जुने गवंडी नाराज होतात, पण रस्ता सपाट नसतो. डांबरी रस्त्याचा आडवा उतार २ टक्के असतो, म्हणजे ७ मीटर रुंद रस्त्यावर मधल्यापेक्षा कडेला ७० मिमी कमी. ५०० मिमीची फ्रेम स्पिरिट लेव्हलने सपाट बसवली तर दोन कडांत १० मिमी फरक पडतो. चढावर लांबीच्या दिशेने तो आणखी वाढतो. फ्रेम रस्त्याला समांतर हवी. त्यासाठी ३ मीटरची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आधी वाहतुकीच्या दिशेने, मग आडवी, जाळीवरून धरा, टोकं नव्या डांबरावर टेकलेली. पट्टी आणि फ्रेमच्या वरच्या कडेत १० ते १५ मिमी फट सारखी दिसली पाहिजे. १२ मिमीची सळी फटीत सरकवून बघणं हे सगळ्यांत सोपं मोजमाप. बिजागरीची जाळी असेल तर बिजागरी येणाऱ्या वाहनाच्या बाजूला ठेवा. चुकून उघडी राहिलीच तर चाक तिला बंद करतं.

पृष्ठभाग ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. ग्राउट एका बाजूने ओतत दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरा. दोन्हीकडून ओतलं तर मध्ये हवा अडकते. आतल्या बाजूला गळू नये म्हणून फ्रेमच्या आत पत्र्याची किंवा प्लायची चौकट लावलेली हवी. ग्राउट धरला की भोवतीचं काँक्रीट थरांत भरून सळईने किंवा व्हायब्रेटरने दाबा.

इथे एक मत. मॅनहोल चाकाखाली असतो, म्हणून त्याच्याभोवती वरचे ४० मिमी डांबराचे ठेवणं ठीक. जाळीभोवती काँक्रीट थेट वरपर्यंत आणावं. तिथे पाणी रेंगाळतं, आणि पाण्यात डांबर खडीपासून सुटतं. काँक्रीटची पट्टी डांबराच्या पातळीला सुरू करून २०० मिमीत १२ मिमी उतरवा, थापीने घोटून झाल्यावर झाडूने खरखरीत करा. गुळगुळीत पट्टी पावसात दुचाकीला घसरवते. काँक्रीट आणि डांबराचा सांधा वाळल्यावर गरम डांबराने भरा.

साधं काँक्रीट असेल तर सात दिवस गोणपाट ओलं ठेवा आणि चाक जाऊ देऊ नका. एवढा वेळ रस्ता बंद ठेवता येत नसेल तर झटपट धरणारं मिश्रण आधीच मागवा. तिसऱ्या दिवशी ‘कडक वाटतंय’ म्हणून अडथळे काढणं, याचेच तडे पुढे फ्रेमच्या चार कोपऱ्यांतून तिरके निघालेले दिसतात.

जुन्या फ्रेमवर नवी रिंग

जुन्या फ्रेममध्येच बसणारी उंची वाढवायची लोखंडी रिंग मिळते. काही मिनिटांत काम होतं, खोदकाम नाही, म्हणून ती कंत्राटदारांची लाडकी. शांत गल्लीत, मॅनहोलवर ठीक. पण जाळीला नको. आतल्या बाजूने ती तोंड लहान करते, कचरा अडकतो, आणि बसवताना बैठकीवर वाळूचा एक खडा जरी राहिला तरी ती डुगडुगते. वेगवान रस्त्यावर अशी रिंग चाकाखाली उसळून बाहेर आली तर मागच्या दुचाकीस्वाराची खैर नाही.

तपासणी

झोळी आणि प्लाय काढा, खाली पडलेला राडारोडा लांब दांड्याच्या फावड्याने काढा, पाइपच्या तोंडात टॉर्च मारून बघा. जाळी बसवून तिच्या चार कोपऱ्यांवर आळीपाळीने उभं राहा. टक असा आवाज आला की बैठक साफ करा. तरीही आला तर जोडी चुकली आहे, क्रमांक पाहा. मग चढाच्या बाजूला पाच मीटरवर कर्बलगत पंधरा लिटरच्या चार बादल्या एकापाठोपाठ ओता. पाणी जाळीत शिरलं पाहिजे. बाजूने गेलं तर ते कुठून वळतंय तिथे खडूने रेघ मारा. बहुतेक वेळा दोष फ्रेममध्ये नसतो. कर्बच्या कडेला रोलर न पोहोचल्यामुळे तिथे डांबराची उंच वरंबी राहिलेली असते, आणि ती वरंबी खरवडली की पाणी सरळ येतं.