जंगलातील घाटरस्त्यांवर सायकल चालवताना या चुका टाळा: राधानगरी, गगनबावडा आणि आंबोली

कोल्हापूरहून कोकणात उतरणारे घाटरस्ते रोड सायकलस्वारांच्या विशेष आवडीचे आहेत. राधानगरी आणि दाजीपूरमार्गे फोंडा घाट, गगनबावड्याहून खाली जाणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट, तसेच आजऱ्याकडून आंबोलीमार्गे सावंतवाडी, या सर्व वाटा सह्याद्रीच्या दाट झाडीतून जातात. या रस्त्यांवर बिघाड आणि अपघात कोठे होतात हे पाहू लागलो, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सायकलस्वार महिनोन्महिने चढाची तयारी करतो, परंतु त्याला अडचण येते ती उतारावर, सावलीत ओल्या राहिलेल्या वळणावर आणि उजेड कमी झाल्यावर. जंगलातील मार्गाची आखणी किलोमीटर मोजून नव्हे, तर उजेड मोजून करावी, असे माझे ठाम मत आहे.

अंतरावरून वेळ ठरवणे

कोल्हापूर ते राधानगरी हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर भोगावतीच्या खोऱ्यातून, उसाच्या शेतांमधून जाते आणि बहुतांश सोपे आहे. येथे मिळालेला वेग दिवसभर टिकेल असे गृहीत धरले जाते आणि तेथेच गणित चुकते. दाजीपूरनंतर फोंडा घाट उतरायला फार वेळ लागत नाही. पण त्याच दिवशी परत यायचे असेल, तर दमलेल्या पायांनी, दुपारच्या दमट उकाड्यात तोच घाट चढावा लागतो आणि त्यापुढे राधानगरी अभयारण्याच्या परिसरातून जाणारा लांबलचक रस्ता उरतोच. डिसेंबरमध्ये या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, परंतु दाट झाडीखाली त्याच्या बरेच आधी अंधारून येते. खड्डा आणि सावली यांतील फरक त्या वेळी डोळ्यांना कळेनासा होतो.

म्हणून मागे फिरण्याची वेळ घरून निघण्यापूर्वीच ठरवावी आणि ती झाली की, घाट अर्धा उरला असला तरी मागे फिरावे. याहून चांगला उपाय म्हणजे एकाच दिशेने प्रवास करून कणकवली किंवा सावंतवाडी येथे थांबणे. दोन्ही ठिकाणी कोकण रेल्वेची स्थानके आहेत. गाडीत सायकल कशी न्यायची, याची चौकशी मात्र आधीच करून ठेवावी.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे सर्व घाट पश्चिमेकडे उतरतात, त्यामुळे सकाळी सूर्य पठाराच्या आड असतो आणि घाटातील रस्त्यावर ऊन बरेच उशिरा पोहोचते. पहाटे कोकणातून वर चढणाऱ्याला ही सावली वरदान ठरते, परंतु त्याच वेळी वरून खाली उतरणाऱ्याला दव, धुके आणि ओले डांबर यांना तोंड द्यावे लागते. माझ्या मते नवख्या सायकलस्वाराने पहिला घाट खालून वर करावा. चढताना वेग कमी असतो, रस्त्याचे प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा आणि पाण्याची प्रत्येक धार नीट दिसते आणि पुढे कधी उतरायची वेळ आली, तर रस्ता ओळखीचा झालेला असतो.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवणे

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि सावंतवाडी तेथून सुमारे ३० किलोमीटरवर, बरीच खाली आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सव्वा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ताठ बसून वेगाने उतरताना तिचा मोठा वाटा हवेच्या विरोधात खर्च होतो. भीतीपोटी ब्रेक हलकेच, पण सतत धरून हळूहळू उतरणाऱ्याच्या बाबतीत मात्र जवळजवळ सर्व उष्णता ब्रेकमध्ये आणि रिममध्ये, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडीत, साठते. रिम ब्रेक, म्हणजे याच कडीला दाबणारा ब्रेक, असेल तर तापलेल्या रिममुळे ट्यूबमधील दाब वाढतो आणि जुन्या पॅचचा गोंद सुटू शकतो. कार्बन रिमला तर या उष्णतेने कायमची इजा होऊ शकते. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याजवळची धातूची चकती दाबणारा ब्रेक, असेल तर तिला घासणारे पॅड तापून पकड कमी होते.

योग्य पद्धत अशी की, सरळ भागावर, वळण सुरू होण्यापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग हवा तेवढा कमी करावा, नंतर ब्रेक सोडून वळण घ्यावे आणि पुढच्या सरळ भागात ब्रेकला थंड होऊ द्यावे. हात नेहमी खालच्या हँडलवर असावेत, कारण तेथून लिव्हरवर जोर अधिक मिळतो. लिव्हर मऊ लागून हँडलपर्यंत येऊ लागली, तर ती थांबण्याची स्पष्ट सूचना समजावी. रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभे राहून दहा-पंधरा मिनिटे ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर बाटलीतील पाणी ओतू नये, कारण त्याने डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो, आणि तिला बोटही लावू नये.

ब्रेक किंचाळत असतील आणि पकडत नसतील, तर बहुधा चेनला तेल देताना त्याचे तुषार डिस्कवर गेलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसून पॅडचा पृष्ठभाग सँडपेपरने हलका घासल्यास काम होते. तेल आत मुरले असेल तर मात्र पॅड बदलावेच लागतात. पावसात तांबडी माती आणि बारीक वाळू पॅडवर सतत घासली जाते, त्यामुळे कोरड्या दिवसांत महिनोन्महिने टिकणारे पॅड पावसाळ्यात फार लवकर संपतात. घाटात जाण्यापूर्वी पॅडची जाडी डोळ्यांनी पाहावी आणि घर्षणाचा थर एक मिलिमीटरवर आला असेल, तर नवे पॅड बसवूनच निघावे.

हवा गच्च भरणे आणि पंक्चरचे कारण न शोधणे

अरुंद टायरच्या काळातील सवयीने आजही अनेक जण २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआयहून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) अधिक हवा भरतात. साधारण ७० किलो वजनाच्या स्वारासाठी ७० ते ८० पीएसआय पुरेसे असते आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही थोडी कमी हवा असणे हिताचे ठरते. गच्च टायर खडबडीत डांबरावर उड्या मारते आणि वळणावर चाक जमिनीला टेकलेलेच नसेल, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. सावलीतील वळणांवर रस्त्याच्या कडेला शेवाळ धरलेले असते. त्याचप्रमाणे रंगाचे पांढरे पट्टे आणि ट्रकमधून सांडलेले डिझेल यांवरून जाताना सायकल आडवी कलवू नये.

पंक्चर झाल्यावर घाईने नवी ट्यूब घालून निघणे ही फार सर्रास होणारी चूक आहे, कारण पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही पंक्चर होते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधावे आणि त्याच्या आकारावरून व जागेवरून कारण ओळखावे. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील, तर खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चेंगरली आहे, म्हणजे हवा कमी होती. छिद्र आतल्या, रिमच्या बाजूला असेल, तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतील तारांची भोके झाकणारी पट्टी, सरकलेली आहे. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल, तर काटा किंवा तार अजून टायरमध्येच आहे असे समजावे. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकाशी जुळवून धरला की टायरवरील नेमकी जागा सापडते. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडलेली केसासारखी बारीक पोलादी तार बाहेरून मुळीच दिसत नाही. ती आतून, बोट अगदी सावकाश फिरवून किंवा कापसाचा बोळा फिरवून शोधावी लागते. कापूस अडकतो तेथे तार असते. चिमटा जवळ असेल तर ती पटकन निघते.

जड गिअर लावून चढणे

पुढच्या दातेरी चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दात असताना मिनिटाला ६० पेडल मारायची तर वेग ताशी सुमारे ९ किलोमीटर ठेवावा लागतो. मागच्या चक्रांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, ३४ दातांचे चक्र असेल, तर तो साडेसातवर येतो. उभ्या चढावर हा फरक गुडघ्यांना चांगलाच जाणवतो. चढावर गिअर आपोआप उडत असेल, तर केबलचा ताण तिच्या ॲडजस्टरच्या अर्ध्या फेरीने बदलून पाहावा. तरीही उडत राहिला, तर गाडीत किंवा एसटीच्या टपावर नेताना मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला असण्याची शक्यता मोठी असते.

गव्यासमोर घाई करणे

राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि सुमारे ३५१ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातूनच फोंड्याकडे जाणारा रस्ता जातो. मोटारीचा आवाज गव्याला दुरून येतो, सायकलचा येत नाही. त्यामुळे उतारावरून निःशब्द येणारी सायकल त्याच्या अगदी जवळ पोहोचेपर्यंत त्याला कळत नाही. दचकलेला गवा कोणत्या दिशेला उसळेल हे सांगता येत नाही. म्हणून आंधळ्या वळणांपूर्वी वेग कमी करून सोबत्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहावे.

गवा दिसल्यावर थांबावे, दोघांमधील अंतर वाढवावे आणि वाट पाहावी. घंटी वाजवणे, ओरडणे किंवा फोटोसाठी पुढे सरकणे सर्वस्वी चुकीचे आहे. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणजे वाट मोकळी झाली असे मानू नये, कारण मागून कळप आणि त्यात वासरे असू शकतात. त्याने अंग आडवे करून उभे राहणे, मान खाली घालणे किंवा फुरफुरणे हा स्पष्ट इशारा असतो. अशा वेळी पाठ न फिरवता सावकाश मागे यावे. एकटा नर दिसला तर अधिकच जपून राहावे. आजरा, चंदगड आणि दोडामार्ग भागात हत्तींचाही वावर असल्याने तेथे निघण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे आवश्यक आहे. टपरीवाल्याला आदल्या रात्रीची खबर असते आणि ती कोणत्याही ॲपवर मिळत नाही.

पाणी आणि नकाशा

कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि क्षार मात्र जात राहतात. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालू नये. ते द्रावण फार तीव्र होते. कोकम सरबत मिठासह मिळाले तर उत्तमच.

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण घाटात नेटवर्क जाते. ॲपने सुचवलेली जवळची वाट अनेकदा अभयारण्यातील कच्चा रस्ता असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून प्रवास करता येतो. आतील वाटांवर मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही. पावसाळ्यात दरड कोसळून किंवा कामासाठी घाट बंद ठेवला जातो, म्हणून तो सुरू असल्याची खात्री आदल्या दिवशी करून घ्यावी. वाटेत सायकल बंद पडली, तर ती वळणावर दुरुस्त करू नये. दोन्ही बाजूंनी दूरवरून दिसेल अशा सरळ भागापर्यंत ढकलत न्यावी, मागचा लाल दिवा चालू ठेवावा आणि मगच चाक काढावे.